फोन कुठे नडतो?

दिवा–रोहा गाडीने आपटा सोडलं की जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी आणि रोहा अशी ओळीने स्टेशनं येतात. पेणहून रोहा जेमतेम चाळीस किलोमीटर. या गाडीच्या एकाच बाकावर दोन साडू बसले आहेत, अशी कल्पना करू. धाकटा हमरापूरला उतरणार. त्याचा गणपतीचा कारखाना आहे. थोरला रोह्याला उतरून धाटावच्या एमआयडीसीत जाणार. रासायनिक कारखान्यात त्याची दुपारची पाळी आहे. दोघांनाही गौरी-गणपतीच्या आधी नवा फोन घ्यायचा आहे, दोघांचाही आकडा वीस हजारांच्या आसपास आहे, आणि दोघांच्या डोळ्यांसमोर एकच तक्ता आहे : डावीकडे एक फोन, उजवीकडे दुसरा, आणि खाली चाळीस ओळी.

प्रश्नही दोघांचा एकच : यातला चांगला कोणता? या प्रश्नाला उत्तर नाही. मूर्तिकाराला जो फोन सोन्यासारखा, तोच पाळीवाल्याच्या कामाचा नसेल. तक्ता दोन फोनांची एकमेकांशी तुलना करतो, पण तुलना करायची असते ती फोनची आणि आपल्या दिवसाची. म्हणून या प्रकरणात आपण प्रश्न बदलणार आहोत. आत्ता हातात असलेला फोन मला नेमका कुठे नडतो, इथून सुरुवात करायची.

चाळीस ओळींचा तक्ता

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला आणि देशात मोबाईल सुरू झाला. तेव्हा तुलनेचा प्रश्नच नव्हता. रेंज मिळाली तरी माणूस खूश. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन आला, आणि पुढची काही वर्षं दर नवा फोन जुन्याला अजिबात न जमणारं काहीतरी करून दाखवत होता. नकाशा दाखवणं, आवाजावरून टाइप करणं, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आल्यावर फोरजीवर कोकणातल्या घरातून मुंबईतल्या नातवाचं तोंड बघणं. त्या काळात नवा आणि जुना यांत फरक होता तो 'येतं' आणि 'येत नाही' असा. आज तो 'येतं' आणि 'थोडं जास्त येतं' एवढाच उरला आहे. आणि 'थोडं जास्त' मोजण्यात आपली इंद्रियं कच्ची असतात.

हे एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने लोकांना वजनं उचलायला लावून दाखवलं. फरक जाणवतो तो मूळ वजनाच्या प्रमाणात. पाव किलो भेंडीत पन्नास ग्रॅम कमी भरली तर पिशवी हातात घेताच कळतं. तांदळाच्या गोणीतून पन्नास ग्रॅम काढले तर हमालालाही पत्ता लागत नाही. तक्त्यातल्या पुष्कळ ओळी या गोणीतल्या पन्नास ग्रॅमच्या आहेत.

पडद्याचा वेग घ्या. ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १२० हर्ट्झवर ८.३ आणि १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंदांनी. पहिल्या उडीत आठ मिलिसेकंदांहून जास्त वाचतात, दुसऱ्या उडीत दीड मिलिसेकंदही नाही. ६० वरून १२० वर गेलात तर बोट सरकवताच फरक दिसेल. १२० आणि १४४ यांत निवडत बसलात तर तो वेळ वाया गेला.

काही आकड्यांचा अर्थच वेगळा असतो. पडदा '३,००० निट्स' असं लिहिलेलं असतं, तेव्हा तो उजेड बहुधा पडद्याच्या छोट्याशा तुकड्यावर, थोड्या वेळापुरता असतो. भर उन्हात सगळा पडदा किती उजळतो हा आकडा वेगळा आणि बराच लहान. '८ अधिक ८ जीबी रॅम' यातले दुसरे आठ म्हणजे साठवणुकीच्या जागेतून उसने घेतलेले. खऱ्या रॅमपेक्षा ते फार संथ. प्रोसेसरचे 'चार नॅनोमीटर' हे आता कुठल्या एका भागाचं मोजमाप राहिलेलं नाही, ते पिढीचं नाव झालं आहे. आणि किरणोत्सर्गाचा 'सार' हा आकडा : भारतात त्याची मर्यादा १.६ वॉट प्रति किलो आहे आणि विक्रीला येणारा प्रत्येक फोन तिच्या आतच असावा लागतो. *#०७# दाबून तो पाहता येतो, पण त्यावरून दोन फोनांत डावं-उजवं करण्याचं कारण नाही.

एवढं केलं की चाळीस ओळींतल्या पंचवीसेक गळतात.

पहिला रकाना जुन्या फोनचा

आता एक आठवडा थांबायचं. खिशातल्या छोट्या वहीत, नाहीतर फोनमध्येच, फोन जेव्हा जेव्हा नडेल तेव्हा एक ओळ लिहायची. कुठे, किती वाजता, काय करताना. 'फोन स्लो झालाय' ही तक्रार झाली, नोंद नव्हे. 'मंगळवारी पेणच्या बाजारात पैसे देताना क्यूआर कोड वाचायला अर्धं मिनिट लागलं' ही नोंद.

आठवड्याने या ओळींचे तीन ढीग करायचे. पहिल्या ढिगात दुरुस्त होण्यासारखं. चार्जरची पिन सैल बसते याचं कारण बऱ्याचदा खिशातला लोकरीसारखा कचरा असतो; फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने तो निघतो. फोन हँग होतो कारण जागा भरलेली असते. साठवणूक काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग मंदावतो, आणि गुड मॉर्निंगची चित्रं काढून टाकली की तोच फोन पळायला लागतो. चार्जिंग दुपारीच उतरतं कारण बॅटरी म्हातारी झाली आहे. ती बदलता येते.

दुसऱ्या ढिगात फोनचा दोषच नसलेलं : टॉवरची रेंज, गर्दीच्या वेळचं नेटवर्क, बँकेचा सर्व्हर.

तिसऱ्या ढिगात जे उरेल तेवढंच नव्या फोनचं काम. आणि तक्ता करायचाच असेल तर त्यातला पहिला रकाना आपल्या जुन्या फोनचा, नवी बॅटरी घातलेल्या आणि आतून साफ केलेल्या. बाजारातला सगळ्यांत स्वस्त स्पर्धक तोच असतो आणि त्याची जाहिरात कोणीच करत नाही.

पीतांबराचा पिवळा

मूर्तिकाराची नोंद ठरलेली असते : फोटोत रंग खरा येत नाही. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या कारखान्यांतून मूर्ती देशभर जातात आणि परदेशातल्या मराठी घरांपर्यंतही पोचतात. समुद्रमार्गे जाणाऱ्या मूर्ती तर गणपतीच्या कितीतरी महिने आधी निघतात. मागणी पक्की होते ती फोटोवर. पीतांबर लिंबाकडे झुकणारा पिवळा आहे की हळदीचा, शेला मोरपिशी आहे की निळा, हे गिऱ्हाईक आपल्या पडद्यावर ठरवतं. शिवाय डोळ्यांची आखणी. मूर्तीचा जीव तिथे असतो आणि फोटोत तिथेच फोन नेमका मऊपणा आणतो.

अशा माणसाने '२०० मेगापिक्सेल' पाहून हुरळून जाणं साहजिक आहे. पण त्या २०० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये शेजारशेजारचे सोळा ठिपके एकत्र करून एक मोठा ठिपका बनवतात आणि रोजचा फोटो साडेबारा मेगापिक्सेलचाच निघतो. ५० मेगापिक्सेलचा फोन चार ठिपक्यांचा एक करतो, त्याचाही साडेबाराचाच. पुढे हा फोटो व्हॉट्सॲपवर साधेपणाने पाठवला की तो दोनेक मेगापिक्सेलपर्यंत आकसतो. २०० असोत की ५०, गिऱ्हाईकापर्यंत पोचतात ते दोन. त्यावर उपाय फुकटचा आहे : पाठवताना 'एचडी' निवडायचं, नाहीतर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

मेगापिक्सेलपेक्षा दोन ओळी जास्त कामाच्या. पहिली सेन्सरच्या आकाराची. पावसाचं पाणी धरायला वाटीपेक्षा परात बरी, तसा मोठा सेन्सर कमी उजेडात जास्त प्रकाश धरतो. दुसरी 'ओआयएस', म्हणजे हात हलला तरी भिंग स्वतः सावरून घेण्याची सोय. कारखान्यातल्या अर्ध्या उजेडात आखणी टिपताना हीच मदतीला येते.

रंगाबद्दल मात्र एक प्रयोग आधी करून पाहायचा. एकच रंगवलेली मूर्ती, एकदा आतल्या ट्यूबखाली आणि एकदा दारात, दिवसाच्या उजेडात, त्याच जुन्या फोनने टिपायची. प्रकाशातही रंगांची खोट असते. ती मोजायला 'सीआरआय' नावाचं माप आहे, त्यात सूर्यप्रकाश १०० धरतात. बाजारातले नेहमीचे एलईडी दिवे ८० च्या आसपास असतात, चांगले ९० च्या वर. दारातला पीतांबर बरोबर आणि आतला चुकीचा आला, तर दोष कुठे आहे ते मूर्तीनेच सांगितलं.

धाटावची पाळी

थोरल्या साडूची नोंदवही अगदी निराळी. ज्वलनशील रसायनं हाताळतात तिथे साधा मोबाईल आत नेता येत नाही. ठिणगीचा धोका नको म्हणून तिथे खास बनवलेली उपकरणंच चालतात. म्हणजे त्याचा फोन पाळीचे आठ तास लॉकरमध्ये. बाहेर येतो तेव्हा घरचे चार मिस्ड कॉल आणि बॅटरी तळाला, आणि तेही काहीच वापर न करता.

याचं कारण बॅटरीत कमी आणि भिंतीत जास्त असतं. रेंज क्षीण असली की फोन टॉवर गाठण्यासाठी जास्त ताकदीने लहरी सोडतो आणि पुन्हा पुन्हा शोध घेतो. पत्र्याच्या लॉकरमध्ये तो पाळीभर हेच करतो. त्याला एअरप्लेन मोडवर टाकून लॉकर बंद केला तर पाळी सुटल्यावर तो जवळजवळ तेवढाच भरलेला मिळेल. गाडीत डोंगरांच्या आडून जातानाही चार्जिंग भराभर उतरतं ते याच कारणाने.

तरीही बॅटरीची ओळ वाचायला यायला हवी. ५,००० एमएएच गुणिले सुमारे ३.८५ व्होल्ट म्हणजे एकोणीस वॉट-तासांच्या आसपास वीज. अलीकडे सिलिकॉन-कार्बनच्या बॅटऱ्यांमुळे तेवढ्याच जाडीत ६,००० ते ७,००० एमएएच बसू लागले आहेत. वीस टक्के जास्त भरणारी बॅटरी ही गोणीतल्या पन्नास ग्रॅमची गोष्ट नव्हे. ती रात्री आठ वाजता कळते.

चार्जरचे वॉट मात्र जपून वाचावेत. ८० वॉटचा वेग मिळतो तो बहुधा त्या कंपनीच्या स्वतःच्या चार्जरने आणि केबलने; दुसऱ्याचा चार्जर लावला की तोच फोन गुमान हळूहळू भरतो. सगळ्यांना चालणाऱ्या 'पीडी' आणि 'पीपीएस' पद्धतीत फोन किती वॉट घेतो, हे जाणकाराने विचारावं. आणि बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. एप्रिल-मेच्या काहिलीत दुचाकीच्या हँडलवर नकाशा लावून, उन्हात चार्ज होत ठेवलेला फोन लवकर म्हातारा होतो. एक पूर्ण भरणं आणि रिकामं होणं म्हणजे एक फेरा. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून घातलेल्या अटीनुसार तिथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीत ८०० फेऱ्यांनंतरही किमान ८० टक्के ताकद उरायला हवी. तक्त्यात फेऱ्यांचा आकडा दिलेला असेल तर तो एमएएचच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा.

रेंज, आणि निसर्गचा धडा

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्हजी सुरू झालं. त्या वर्षीच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी एकट्या जिओने घेतल्या. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून जास्त आत शिरतात, त्यामुळे विखुरलेल्या वाड्यांच्या मुलखात त्या उपयोगी. इथे नव्याने विकत घेतलेल्या बहुतेक फाइव्हजी फोनांत हे सगळे पट्टे असतात, म्हणून ही ओळ सोडून दिली तरी चालते. ती वाचायची दोनच वेळा : जुना फोन विकत घेताना आणि परदेशातून आलेला फोन घेताना. आखातातून फोन आणणारा भाऊ किंवा मेहुणा कोकणात घरोघर असतो. बाहेरच्या बाजारासाठी बनलेल्या फोनमध्ये इथला एखादा पट्टा नसू शकतो. आणि आयफोन १४ पासून पुढचे अमेरिकेत विकलेले आयफोन आणले तर त्यांत सिमचा कप्पाच सापडत नाही, ते फक्त ई-सिमवर चालतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. खांब पडले, वीज गेली आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. टॉवरलाही वीज लागते. ती नसली की तुमच्या फोनचा प्रोसेसर कितीही पिढ्या पुढचा असो, तो विजेरीपुरता उरतो. अशा मुलखात तीन क्षुल्लक वाटणाऱ्या ओळींना वजन येतं : दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं एकदम चालतात का, बॅटरी दोन दिवस तगते का, आणि एफएम रेडिओ आहे का. रेडिओला इंटरनेट लागत नाही. हेडफोनची वायर हीच त्याची अँटेना. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाईल कंपन्यांना एफएम सुरू ठेवण्याची सूचना केली ती आपत्तीचाच विचार करून.

पाऊस, खाडी आणि तांदूळ

रायगडात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. इथे 'आयपी' ही ओळ सोडून चालत नाही. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीत सहा म्हणजे अजिबात शिरकाव नाही. पाण्यात चार म्हणजे शिंतोडे चालतील. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आठ म्हणजे त्याहून कडक परीक्षा, आणि तिची खोली कंपनी स्वतः सांगते. कारखान्यात कच्च्या मूर्तीवर पॉलिश पेपर फिरतो तेव्हा प्लास्टरची पिठासारखी भुकटी उडते. मूर्तिकाराने पाण्याच्या आकड्याइतकाच धुळीचा आकडा बघावा.

पण ही परीक्षा गोड्या, स्वच्छ पाण्याची असते. धरमतर खाडीचं खारं पाणी तिच्यात धरलेलं नाही. मिठाचं पाणी धातूच्या टोकांना खातं. परीक्षा नव्या फोनचीही असते. एकदा पडून पडदा बदलला, मागचं झाकण उघडलं, की आतला डिंक पूर्वीसारखा बसेलच असं नाही. शिवाय आयपी ६८ लिहिलेल्या फोनच्या वॉरंटीतही पाण्याचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं. म्हणजे हा आकडा छत्रीसारखा वापरावा. त्याच्या भरवशावर नदीत उतरू नये.

फोन भिजलाच तर काय? भाताच्या मुलखात उत्तर तयार असतं : तांदळाच्या डब्यात घाला. २०२४ मध्ये ॲपलने आपल्या सूचनांत हे करू नका असं स्पष्ट लिहिलं, कारण तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. फोन तोंड खाली करून हलके झटकावा, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवावा, आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जरला लावू नये. कोलम भातासाठी ठेवावा.

फोनला मराठी किती येतं?

तक्त्यात नसलेली एक ओळ आपण जोडू. भारतीय मानक संस्थेच्या 'आयएस १६३३३' या मानकाच्या तिसऱ्या भागानुसार देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर २२ भाषांतला मजकूर वाचता यायला हवा, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यायला हवं. एवढं असूनही फोनाफोनांत फरक राहतो. दुकानात हातात फोन घेतल्यावर तीन शब्द टाइप करून पाहावेत : 'तऱ्हा', 'ॲम्ब्युलन्स', 'वाङ्मय'. पहिल्यातला र अर्ध्या चंद्रासारखा जोडला जातो का? 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. जुन्या फोनवर तिथे रिकामी चौकट दिसते. ळ शोधायला किती बोटं चालवावी लागतात?

बोलून टाइप करणाऱ्यांनी आणखी एक परीक्षा घ्यावी. पेणच्या खारेपाटात घरात आगरी बोलली जाते, आणि फोन त्या वाक्याला प्रमाण मराठीच्या, नाहीतर थेट हिंदीच्या दिशेने ओढून नेतो. आजीला फोन द्यायचा असेल तर तो आजीच्या तोंडासमोर धरूनच निवडावा.

किती दिवसांचा फोन?

आता किंमत. ती रुपयांत वाचू नये, रोजच्या रुपयांत वाचावी. फोनचं आयुष्य पुष्कळदा पडदा फुटण्याने संपत नाही, ते अपडेट थांबण्याने संपतं. सुरक्षेचे अपडेट बंद झाले की बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं होत जातं, आणि एक दिवस ॲपच नकार देतात. २०२५ च्या सुरुवातीपासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ४.४ वर चालणं थांबवलं. उलट बाजूला ऑक्टोबर २०२३ मधल्या गुगल पिक्सेल ८ आणि जानेवारी २०२४ मधल्या सॅमसंग गॅलेक्सी एस २४ यांनी सात वर्षांचा शब्द दिला. मात्र ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल दिवाळीच्या सवलतीत घेतलंत, तर त्याची दोन वर्षं दुसऱ्या कोणीतरी खाल्लेली असतात.

समजा पंधरा हजारांच्या फोनची दोन वर्षं उरली आहेत. म्हणजे ७३० दिवस, रोजचे साडेवीस रुपये. बावीस हजारांच्या फोनची चार वर्षं आहेत, रोजचे पंधरा. आणि जुन्या फोनमध्ये दोन हजारांची बॅटरी घालून तो आणखी एक वर्ष निघाला, तर रोजचे साडेपाच. स्वस्त आणि महाग यांची जागा इथे बदलते. हा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडून पाहा. दुकानाच्या काउंटरवर नव्हे, घरी.

काउंटरवर दुसरंच गणित चालतं. ६ जीबी-१२८ चा फोन १७,९९९ ला, ८-१२८ चा १९,४९९ ला आणि ८-२५६ चा १९,९९९ ला ठेवलेला असतो. मधला कोणी घेत नाही, आणि घ्यावा म्हणून तो ठेवलेलाही नसतो. त्याच्या शेजारी तिसरा 'फक्त पाचशे जास्त' दिसतो, आणि अठरा हजार ठरवून आलेला माणूस वीस हजार देऊन जातो. जोएल ह्युबर, जॉन पेन आणि ख्रिस्तोफर पुटो यांनी १९८२ मध्ये हा परिणाम दाखवला. इंग्रजीत त्याला आमिषाचं नाव आहे, आणि गळ टाकून खाडीवर बसणाऱ्याला तो समजावून सांगायला नको.

हप्त्याचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. म्हणजे 'नो कॉस्ट' हप्त्यातही व्याज असतंच. तेवढी सूट किमतीत दाखवलेली असते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यात व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रक्रिया शुल्क वेगळं पडतं. एकदम पैसे दिले तर तीच सूट मिळेल का, एवढा एकच प्रश्न विचारावा.

वापरलेला फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहा आणि केवायएम लिहून, जागा सोडून, तो पंधरा आकडी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर पैसे देण्याआधीच कळेल.

'चालेल'

हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने १९५६ मध्ये म्हटलं की खऱ्या आयुष्यात माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही. आपल्या अटी पुऱ्या करणारी पहिली गोष्ट सापडली की थांबतो, आणि ते शहाणपणाचंच असतं. १९७८ मध्ये सायमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी या वागण्यासाठी इंग्रजीत एक शब्द रूढ केला. मराठीत तो आधीपासून आहे : 'चालेल'. नोंदवहीच्या तिसऱ्या ढिगातून तीन अटी काढायच्या, त्या पुऱ्या करणारा पहिला फोन दिसला की 'चालेल' म्हणायचं आणि तक्ता मिटायचा.

आपल्या दोन साडूंनी हे केलं तर काय होईल? थोरल्याच्या वहीत लॉकरची ओळ एअरप्लेन मोडने सुटली. उरलं ते असं : अपडेट कधीचेच बंद, बँकेचं ॲप चालत नाही, आणि भर पावसात गेटबाहेर रिक्षा शोधताना फोन भिजण्याची भीती. त्याच्या तीन अटी तयार झाल्या : पुढच्या चार वर्षांचे अपडेट, धो-धो पावसाला पुरेल असा आयपी, मोठी बॅटरी. कॅमेऱ्याच्या नऊ ओळी त्याने वाचल्याच नाहीत. तिसऱ्याच फोनला तो 'चालेल' म्हणाला.

धाकट्याच्या वहीत तीन नोंदी होत्या. स्पीकरचा आवाज दबतो. जाळीत भुकटी साचली होती, ती मऊ ब्रशने निघाली. आषाढात जागा भरते. गेल्या दोन वर्षांच्या मूर्तींचे फोटो काढून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवले. आणि पीतांबराचा पिवळा. दारात नेलेल्या मूर्तीचा फोटो जुन्या फोनवर अगदी हळदीचा आला. पेणच्या बाजारातून त्याने ९० च्या वर सीआरआय असलेले दोन बल्ब आणले.

परतीच्या गाडीत थोरल्याने नवा फोन दाखवला. "तू कुठला घेतलास?" धाकट्याने पिशवीतला रिकामा खोका काढून दाखवला. थोरला हसला, मग त्याने तो तक्ता पुन्हा उघडून वरपासून खालपर्यंत पाहिला. चाळीस ओळींत बल्बाची ओळ कुठेच नव्हती.